बहिणीची सही आणि रस्त्याचा मोबदला

जालना जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे : “माझे वय 51. आमची सात एकर जमीन आहे. ती आजोबांना कूळकायद्यात मिळाली आणि चुलत्यांशी वाटणी झाल्यावर वडिलांच्या वाट्याला आली. वडील 2014 साली गेले, आई माझ्याकडे असते. बारावीनंतर शिक्षण सोडून मी शेतीला लागलो. थोरल्या बहिणीचे लग्न 1991 साली झाले, ती परभणीकडच्या गावात असते; धाकटीचे 2002 साली झाले, ती चाकणला असते. धाकटीच्या लग्नाचे कर्ज मी फेडले, वडिलांच्या आजारपणाचा खर्चही मीच केला. आता जालना–नांदेड द्रुतगती मार्गात आमची अडीच एकर जमीन जात आहे. मोबदल्यासाठी मी दोन्ही बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले. थोरली काहीच बोलली नाही आणि यंदा राखीलाही आली नाही. धाकटीने मुलाकडून मोबाईलवर सातबारा काढून घेतला आणि सरळ हिस्सा मागितला. गावातले जाणकार म्हणतात की 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलीला हक्कच नसतो. माझ्या आत्यांनी एका शब्दाने न विचारता सही केली होती. इतकी वर्षे या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, मग रस्ता आल्यावरच हक्क कसा आठवला? माझे काय चुकते?”

नमस्कार.

तुमच्या पत्रात तक्रारीपेक्षा दुःख अधिक आहे, आणि ते खोटे नाही. शिक्षण सोडून, कर्ज फेडून, आईवडिलांचे सारे करून तिशी-चाळिशी उलटलेल्या माणसाला बहिणीने हिस्सा मागितला की आपल्या सगळ्या कष्टांवर कोणी पाणी फिरवल्यासारखे वाटते. तरीही पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. दोन्ही बहिणींचा हक्क आहे, तुमच्याइतकाच आहे, आणि तो रस्त्यामुळे निर्माण झालेला नाही. रस्त्याने एवढेच केले की जो हक्क सातबाऱ्यावर निपचित पडून होता, त्याला रुपयांत मोजता येईल असे रूप आले.

गावातल्या जाणकारांचे म्हणणे हवेतले नाही, मात्र ते फार जुने झाले आहे. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला, पण त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. म्हणून 1991 साली लग्न झालेल्या मुलीला काही नाही, हे वाक्य गावोगाव पक्के बसले. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिच्यात लग्न कधी झाले याचा संबंधच उरला नाही. त्यानंतरही वडील हयात होते की नव्हते यावरून वर्षानुवर्षे वाद चालला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात तो मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. तुमचे वडील तर 2014 पर्यंत होते, म्हणजे तुमच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी तुमच्या घरात, म्हणजे वडील आणि तुम्हा भावंडांत, रीतसर वाटप झालेले नसेल आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर ही जमीन वडिलोपार्जित धरा किंवा वडिलांची स्वतःची धरा, हिशेब एकाच ठिकाणी येतो : आई, तुम्ही आणि दोन बहिणी, प्रत्येकी चौथा हिस्सा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, की हक्क आताच कसा आठवला.

सात एकरांचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेदोन एकर. परभणीकडच्या गावात किंवा चाकणला राहणाऱ्या बाईने जालन्यातली पावणेदोन एकर कोरडवाहू जमीन मागून करायचे काय? ती कसणार कोण, आणि बटईने लावली तरी हाती येणार किती? सोयाबीनचा हमीभाव 2024-25 साठी क्विंटलला 4,892 रुपये होता आणि त्या हंगामात शेतकऱ्यांनी बाजारात त्याहून कमी भावाने माल विकला, हे तुम्हाला मी सांगायला नको. बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी वजा जाता त्या सात एकरांवर एक घर कसेबसे चालते. त्यातून चार वाटे काढले असते तर तुमचे घर मोडले असते आणि बहिणींच्या हाती तरी काही पडले नसते. बहिणींना हे कळत होते. त्यांनी इतकी वर्षे मागितले नाही याचा अर्थ त्यांना हक्क ठाऊक नव्हता असा घेण्यापेक्षा, भावाच्या पोटावर पाय द्यायचा नाही म्हणून त्या गप्प राहिल्या असा घ्या. तुम्ही पत्रात तुमच्या त्यागाचा हिशेब मांडला आहे आणि तो योग्य आहे, फक्त त्या पानाच्या दुसऱ्या बाजूला ही नोंदही करायला हवी.

मोबदल्याची गोष्ट वेगळी आहे. तो पैशात येतो, पैशाचे वाटे रुपयापर्यंत करता येतात, आणि वाटे केल्याने कोणाचा बांध मोडत नाही. समृद्धी महामार्ग तुमच्याच जिल्ह्यातून गेला आहे. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यासाठी बरीचशी जमीन सरकारने शेतकऱ्यांकडून थेट खरेदीने घेतली, आणि ज्या घरांनी आयुष्यात कधी एकरकमी पैसा पाहिला नव्हता त्यांच्या खात्यांवर मोठ्या रकमा जमा झाल्या. त्या पैशाने कोठे घर झाले, कोठे दुसरीकडे जमीन झाली, कोठे गाडी दारात आली, आणि कितीतरी घरांत भावाबहिणींचे बोलणे थांबले. तुमच्या बहिणी हे पाहत होत्या. त्यातच धाकटीच्या मुलाने मोबाईलवर सातबारा उघडला. पूर्वी तो उतारा पाहायचा तर तलाठ्याच्या कार्यालयात जावे लागे, आणि सासरी गेलेली बाई भावाच्या नकळत तेथे जाणे जवळपास अशक्य होते. आता चाकणच्या खोलीत बसून तिला दिसते की कब्जेदाराच्या जागी भावाचे नाव आहे आणि आपले नाव इतर हक्कांत टाकले आहे. (तुमच्या उताऱ्यावर असेच असेल असे नाही, पण वारसनोंद करताना मुलांना वर आणि मुलींना इतर हक्कांत बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास होती, म्हणून उतारा नीट वाचून पाहा.) तिने तो पाहिला, तिला प्रश्न पडला आणि तिने विचारला. यात लोभ कोठे आला?

तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात आणि माझे मन तेथेच अडले. ही जमीन आजोबांना कूळकायद्यात मिळाली. ही गोष्ट तुम्ही तुमच्या मुलांना कधी सविस्तर सांगितली आहे का, मला ठाऊक नाही, पण आज ती तुम्ही स्वतःला सांगावी असे वाटते. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जमीन एकाच्या नावावर आणि घाम दुसऱ्याचा, अशी तेव्हाची वहिवाट होती. 1950 साली हैदराबादचा कूळकायदा आला आणि कसणाऱ्या संरक्षित कुळाला मालक होण्याची वाट मोकळी झाली. तुमचे आजोबा त्या वाटेने मालक झाले. त्या वेळी ज्यांच्या नावावरून जमीन उतरली, त्या घरांतही हेच बोलले गेले असणार की इतकी वर्षे हा माणूस मुकाट खंड देत होता, आताच कायदा कसा आठवला, आमच्या वाडवडिलांच्या जमिनीवर याचा हक्क कसला. आजोबा तेव्हा लोभी नव्हते. ते आधीही राबतच होते, आणि राज्य बदलले, कायदा बदलला, तेव्हा त्यांचे राबणे कागदावर चढले इतकेच. तुमच्या घराला जमीन मिळाली ती समाजाने आपला जुना नियम मोडून नवा केला म्हणून मिळाली. तुमच्या आजीनेही त्या जमिनीवर आजोबांइतकेच दिवस काढले असतील, आणि लग्नापूर्वी तुमच्या बहिणींनीही तेथे खुरपणी केली असेल, कापूस वेचला असेल. 1950 च्या कायद्याने कसणारा पुरुष पाहिला, त्याच्या शेजारी वाकून काम करणारी बाई पाहिली नाही. 1994 आणि 2005 च्या दुरुस्त्यांनी ती राहिलेली बाजू भरून काढली. एका बदलाचे फळ घ्यायचे आणि दुसऱ्या बदलाला घरफोड म्हणायचे, हे तुमच्यासारख्या सरळ माणसाला शोभणारे नाही.

तुम्ही आत्यांचे उदाहरण देता. आत्यांनी न विचारता सही केली हे खरे असेल, पण कोणत्या परिस्थितीत केली तेही आठवा. हातात स्वतःचा पैसा नाही, बँकेत खाते नाही, सासरी काही बिनसले तर उभे राहायला माहेराशिवाय जागा नाही. अशा बाईसाठी सही हा माहेरच्या दाराचा मोबदला होता. ते दार उघडे राहावे, दिवाळीला कोणीतरी न्यायला यावे, लेकीच्या बाळंतपणात आधार मिळावा, म्हणून ती आपला हिस्सा सोडत असे, आणि भाऊही साडीचोळी, भाचरांच्या लग्नातला आहेर, अडीनडीला पायलीभर धान्य या रूपाने ते पाळत असत. तो व्यवहार समान नव्हता, पण दोन्ही बाजूंनी पाळला जात होता. आज तो कोणालाच पाळता येत नाही. उद्या थोरलीवर वाईट वेळ आली तर तिला दोन मुलांसह कायमचे घरी ठेवून घेण्याची तुमची ऐपत आहे का? नसेल, आणि बहुतेक शेतकरी घरांची नाही, तर ज्या आधाराच्या बदल्यात आत्यांनी हक्क सोडला तो आधार बहिणींना देता येत नसताना त्यांच्याकडून सही मात्र तशीच मागणे न्यायाचे नाही.

हा शहरी विचार आहे असे कोणी म्हटले तर त्यांना आपल्याच चळवळीची आठवण द्या. शेतकरी संघटनेने 1986 साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. तिला प्रतिसाद देऊन कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. ती माणसे तुमच्या वडिलांच्या पिढीतली, तुमच्यासारख्याच गावांतली होती.

आता तुमच्या कष्टांविषयी. कायद्याच्या वाटणीत आईवडिलांची सेवा केली म्हणून मुलाला जादा हिस्सा मिळत नाही. पण घरात बसून केलेल्या वाटणीत तो देता येतो, आणि मला वाटते तो मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. फक्त तो मागायचा असेल तर आधी बहिणींचा हक्क मान्य करावा लागेल, कारण ज्याचा हिस्सा तुम्ही मानतच नाही त्याच्याकडून तुम्ही काय मागणार? वडिलांच्या आजारपणात किती गेले, कर्ज कोणत्या सोसायटीचे किंवा बँकेचे होते, त्यातले किती फिटले आणि किती बाकी आहे, विहीर किंवा पाईपलाईन कोणाच्या पैशाने झाली, हे सगळे कागदावर मांडा. पावत्या असतील त्या लावा, नसतील तेथे अंदाज म्हणून लिहा. धाकटीच्या लग्नाचे कर्ज त्यात धरायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे, पण त्यातला हुंड्याचा भाग असेल तर तो कृपा करून धरू नका. हुंडा 1961 पासून कायद्याने बंद आहे, आणि तो गेला सासरच्या घरात, तिच्या हाती काही आला नाही. लग्नात दिले तोच तिचा वाटा, हे म्हणणे कोर्टात टिकत नाही आणि घरातही टिकू नये.

एका व्यक्तीबद्दल तुमच्या पत्रात फक्त तीन शब्द आहेत : ‘आई माझ्याकडे असते’. ती कोठे असते याच्याआधी ती काय आहे हे पाहा. ती स्वतः चौथ्या हिश्श्याची मालक आहे. तिचे मत तुम्ही विचारलेले दिसत नाही. बहुतेक घरांत आईचा हिस्सा आपोआप मुलाचा धरला जातो, तिची सही सर्वांत आधी घेतली जाते आणि तिला कागद वाचूनही दाखवला जात नाही. तुम्ही असे करू नका. तिच्या वाट्याची रक्कम तिच्या एकटीच्या नावावर मुदत ठेवीत राहू द्या, व्याज तिच्या खात्यात जमा होऊ द्या, औषधाला आणि नातवंडांच्या हातावर ठेवायला तिला कोणाकडे पाहावे लागू नये. तिच्यानंतर ती रक्कम कोणाला द्यायची हे ती ठरवील. ज्या मुलाने सांभाळले त्याला तिने अधिक द्यायचे ठरवले, तर ते तिने आपल्या मुखाने, मृत्युपत्राने द्यावे. बहिणींना त्यात गैर वाटण्याचे कारण राहणार नाही.

व्यवहाराचे सांगायचे तर जमिनीचे दोन भाग वेगळे धरून बोला. जी अडीच एकर जाते आहे तिच्यात प्रत्येकाचे 25 गुंठे आहेत, आणि जी साडेचार एकर उरते तिच्यात प्रत्येकाचे 1 एकर 5 गुंठे. माझा सल्ला असा की बहिणींनी 25 गुंठ्यांचा मोबदला पूर्ण घ्यावा आणि उरलेल्या जमिनीवरचा हक्क तुम्ही कसता आहात म्हणून तुमच्या नावे सोडावा, असा प्रस्ताव तुम्ही मांडावा. असा प्रस्ताव अनेक घरांना पटतो, कारण दूर राहणारीला पैसा उपयोगी असतो आणि कसणाऱ्याला जमीन. पण तो मांडताना उरलेल्या जमिनीची खरी स्थिती सांगा. रस्त्याने शेताचे दोन तुकडे होत असतील तर तेही सांगा, आणि जवळ चढ-उताराचा मार्ग होऊन भाव वाढण्यासारखा असेल तर तेही लपवू नका. बहिणींनी उरलेल्या जमिनीतही हिस्सा ठेवायचा म्हटले, तर तोही त्यांचा हक्क आहे आणि मग वहिवाट तुमच्याकडे ठेवून नावे सातबाऱ्यावर राहू द्यावीत. मोबदल्यातून आधी शेतीचे थकलेले कर्ज फेडायचे का, हे चौघांनी मिळून ठरवा.

जे ठरेल ते लेखी करा. हक्कसोडपत्र झालेच तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हवे, नोटरीसमोरच्या कागदाने जमिनीवरचा हक्क सुटत नाही. वकील दोघांना सोयीचा एक असला तरी चालेल, पण बहिणींना मसुदा दोन दिवस आधी घरी वाचायला मिळाला पाहिजे. आणि कोणी सुचवले तरी वारसांच्या प्रतिज्ञापत्रातून बहिणींची नावे गाळण्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात फौजदारी गुन्ह्याचा धोका आहे, आणि वाटणीवर हरकत आली की रक्कम तुमच्या खात्यात न येता प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जमा होऊन वर्षानुवर्षे अडकून पडू शकते. तेवढ्या काळात तुमच्या मुलाचे लग्न, बहिणीच्या मुलाचे शिक्षण, आईचे औषध, सगळेच त्या तारखांमागे थांबेल. घरात बोलणे जमलेच नाही तर जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल करण्यापूर्वीची मध्यस्थी तेथे होते, आणि तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. हे बहिणींनाही सांगा. ते तुमच्या तोंडून कळले तर तुमच्या हेतूबद्दल त्यांना शंका उरणार नाही.

भावकी बोलेल. बहिणींनी माहेर तोडले असे काही जण म्हणतील, बायकोच्या नादाने बहिणींना दिले असे काही जण म्हणतील, आणि ज्यांनी आपल्या बहिणींच्या सह्या घेऊन ठेवल्या आहेत ते सर्वांत मोठ्याने बोलतील, कारण तुमच्या वाटणीनंतर त्यांच्या घरातही प्रश्न विचारला जाणार आहे. त्यांना उत्तर देण्याची गरज नाही.

मला अधिक काळजी थोरलीची वाटते. धाकटीने मागितले, म्हणजे तिचा तुमच्यावर अजून भरवसा आहे. थोरली गप्प राहिली आणि राखीला आली नाही. तिला हिस्सा हवा आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, कदाचित तिचे तिलाही ठरवता आलेले नसेल. तुम्ही तिला विचारण्यासाठी बोलावले नव्हते, सहीसाठी बोलावले होते, आणि तिला तेच लागले असावे. म्हणून फोन करू नका, कोणा नातेवाइकाकरवी निरोपही पाठवू नका. आईशी बोलून झाल्यावर येत्या आठवड्यात तुम्ही स्वतः तिच्या गावी जा. सातबारा, फेरफार आणि मोबदल्याच्या नोटिशीच्या प्रती बरोबर घ्या, त्या तिच्याजवळ ठेवून या, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा या खेपेला घरीच राहू द्या.